यातनागृहाचा दरवाजा
‘अनथिंकेबल’ या चित्रपटाची नैतिक समीक्षा

लाखो निरपराध माणसांचे प्राण वाचविण्यासाठी एका अपराधी माणसाचा छळ करणे न्याय्य ठरते काय? हा प्रश्न नवा नाही. अल्जेरियातील फ्रेंच वसाहतयुद्धाच्या पार्श्वभूमीवर जाँ लार्तेगी यांनी १९६० साली लिहिलेल्या ‘ले सांत्युरिओं’ या कादंबरीत तो ठळकपणे आला. शहरात कोठेतरी बॉम्ब पेरलेले आहेत, ठिकाण जाणणारा माणूस हाती लागला आहे आणि घड्याळाचा काटा पुढे सरकतो आहे, असा हा प्रसंग आहे. पुढे तत्त्वज्ञानाच्या वर्गांतून, न्यायशास्त्राच्या चर्चांतून आणि विशेषतः ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकी पडद्यावरून तो इतक्या वेळा मांडला गेला की, तो कल्पित आहे याचाच अनेकांना विसर पडला. ‘ट्वेंटी फोर’ या दूरचित्रवाणी मालिकेतील छळाची दृश्ये पाहून आपले विद्यार्थी कायद्याविषयी बेफिकीर होत आहेत, अशी चिंता वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या अधिष्ठात्यांना वाटू लागली आणि २००६ साली ते स्वतः त्या मालिकेच्या निर्मात्यांना जाऊन भेटले. करमणुकीचा प्रभाव कोठवर पोहोचतो, हे यावरून कळते.

ग्रेगर जॉर्डन दिग्दर्शित आणि पीटर वुडवर्ड लिखित ‘अनथिंकेबल’ (२०१०) हा चित्रपट याच प्रश्नावर उभा आहे. अमेरिकेत तो चित्रपटगृहांत न लागता थेट डीव्हीडीच्या रूपाने आला. पुढे मात्र छळाच्या नीतीवरील वादात त्याचे नाव वारंवार घेतले गेले. तो पाहताना अंगावर काटा येतो आणि पाहून झाल्यावर मन अस्वस्थ राहते. परंतु अस्वस्थ करणारी प्रत्येक कलाकृती विचारप्रवर्तक असतेच असे नाही. म्हणून या अस्वस्थतेची चिकित्सा करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे. चित्रपट जो प्रश्न विचारतो तो अपुरा आहे आणि जो प्रश्न तो नकळत उघडा करतो तोच खरा महत्त्वाचा आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

कथानक

स्टीव्हन आर्थर यंगर (मायकेल शीन) हा अमेरिकी सैन्यातील विशेष प्रशिक्षण घेतलेला माणूस इस्लाम स्वीकारून युसुफ झाला आहे. आपण अमेरिकेतील तीन शहरांत अणुबॉम्ब ठेवले आहेत आणि ठरलेल्या वेळी ते फुटतील, असे तो ध्वनिचित्रफितीद्वारे जाहीर करतो. त्यानंतर तो जणू स्वेच्छेनेच पकडला जातो. एका शाळेच्या इमारतीत लष्कराने उभारलेल्या गुप्त ठिकाणी त्याला खुर्चीला जखडले जाते. त्याची जबानी काढण्यासाठी केवळ ‘एच’ या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या माणसाला (सॅम्युअल एल. जॅक्सन) बोलावले जाते. हेलन ब्रॉडी (कॅरी-ॲन मॉस) ही एफ.बी.आय.ची अधिकारी तेथे कायद्याची आणि सद्सद्विवेकाची प्रतिनिधी म्हणून उपस्थित आहे.

एच आरंभीच यंगरचे एक बोट तोडतो. पुढे छळाचे प्रकार वाढत जातात. यंगरच्या मागण्या राजकीय आहेत. मुस्लिम देशांतील हुकूमशहांना व बाहुल्या सरकारांना अमेरिकेने पाठिंबा देऊ नये आणि तेथील सैन्य मागे घ्यावे, असे तो म्हणतो. त्या मागण्यांचा विचारही केला जात नाही. मध्येच तो कोसळल्याचे दाखवतो, सारा बनाव होता असे सांगतो आणि एक पत्ता देतो. तेथे गेलेल्या अधिकाऱ्याच्या हातून नकळत कळ दाबली जाते आणि जवळच्या शॉपिंग मॉलमध्ये स्फोट होऊन ५३ माणसे मरतात. त्यानंतर यंगरची पत्नी जेहान हिला त्याच्यासमोर आणले जाते. तिला खोलीबाहेर नेण्याचा प्रयत्न इतर लोक करीत असतानाच एच तिचा गळा चिरतो. यंगर तरीही बोलत नाही. मग त्याची दोन लहान मुले आणली जातात आणि त्यांचा छळ होणार हे दिसताच यंगर तिन्ही पत्ते सांगतो.

येथे चित्रपट संपत नाही. बेपत्ता अणुद्रव्याच्या वजनाच्या हिशेबावरून चौथा बॉम्ब असला पाहिजे, असा एचचा तर्क आहे. मुलांना पुन्हा आत आणा, असे तो म्हणतो आणि ते काम ब्रॉडीनेच करावे, असा आग्रह धरतो. ब्रॉडी नकार देते. बॉम्ब फुटला तर फुटू दे, पण आपण माणसे आहोत, अशी तिची भूमिका आहे. त्या गोंधळात मोकळा झालेला यंगर एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावतो, मुलांना सांभाळण्याची विनंती ब्रॉडीला करतो आणि स्वतःवर गोळी झाडून घेतो. ब्रॉडी मुलांना घेऊन बाहेर पडते. चित्रपटाच्या वाढीव आवृत्तीत शेवटी एका खोक्यामागे दडलेला चौथा बॉम्ब दिसतो. त्याचे घड्याळ शून्यावर येते आणि पडदा काळा होतो.

युक्तिवाद आणि पुरावा

या शेवटामुळे अनेक प्रेक्षकांचा असा समज झाला की, चित्रपटाने छळाची आवश्यकता सिद्ध केली, कारण ब्रॉडीच्या माणुसकीमुळे एक शहर बेचिराख झाले. परंतु हा निष्कर्ष काढण्यापूर्वी चित्रपटानेच दिलेला पुरावा शांत चित्ताने तपासला पाहिजे.

बोट तोडून काय मिळाले? काहीही नाही. त्यानंतरच्या यातनांतून काय मिळाले? एक खोटा पत्ता आणि ५३ मृतदेह. पत्नीच्या हत्येतून काय मिळाले? काहीही नाही. संपूर्ण चित्रपटात शरीराला दिलेल्या वेदनेतून सत्य एकदाही बाहेर येत नाही. जे तीन पत्ते मिळाले ते मुलांना प्रत्यक्ष इजा न होता मिळाले. मुलांना हात लावणार नाही, असे एचने यंगरच्या अपरोक्ष इतरांना सांगितलेही होते. मग यंगर कशामुळे बोलला? आपल्या लेकरांविषयीच्या वात्सल्यामुळे. पन्नासहून अधिक माणसांना ठार करणाऱ्या त्या कठोर पुरुषात माणुसकीचा जेवढा अंश उरला होता तेवढाच बोलला, बाकीचा यंगर अखेरपर्यंत मूक राहिला. ब्रॉडीला त्या मुलांना आत नेण्यापासून ज्या भावनेने अडविले आणि यंगरच्या तोंडून ज्या भावनेने पत्ते काढले, ती भावना एकच आहे. एचचे शास्त्र या भावनेवर जगते आणि तिलाच दुबळेपणा म्हणते. चित्रपटातील हा सर्वांत मोठा अंतर्विरोध आहे आणि दिग्दर्शकाच्या तो ध्यानात आला असावा असे वाटत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, एच आणि यंगर हे परस्परांचे विरोधक म्हणून उभे केले असले तरी दोघांचे गणित एकच आहे. अनेकांच्या हितासाठी थोड्यांना मारणे क्षम्य आहे, असे दोघेही मानतात. मॉलमधील मृतांचे समर्थन यंगर ज्या हिशेबाने करतो, जेहानच्या मृत्यूचे समर्थन एच त्याच हिशेबाने करतो. मेलेल्यांपैकी कोणाचाही अपराध सिद्ध झालेला नाही. माणूस हा साध्य न राहता साधन झाला की मारणारा कोणत्या बाजूचा आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

वास्तवाची साक्ष

चित्रपटाचा पाया निश्चिततेचा आहे. पकडलेला माणूस खरा अपराधी आहे, त्याला ठिकाण ठाऊक आहे आणि तो बोलला तर ते ओळखता येईल, हे सारे येथे गृहीत आहे. प्रत्यक्षात अशी निश्चितता कोणाच्याही हाती नसते. २००१ च्या अखेरीस पकडलेल्या इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याला चौकशीसाठी इजिप्तमध्ये पाठविण्यात आले. तेथील छळातून त्याने अशी जबानी दिली की, इराकने अल-कायदाला रासायनिक व जैविक अस्त्रांचे प्रशिक्षण दिले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत या जबानीचा आधार घेतला आणि पुढच्याच महिन्यात इराकवर आक्रमण झाले. २००४ मध्ये लिबीने ती जबानी मागे घेतली. वेदना थांबावी म्हणून त्याने समोरच्याला हवे ते सांगितले होते. चित्रपटात खोट्या पत्त्याने ५३ माणसे मेली, वास्तवात खोट्या जबानीने एका देशावरील युद्धाला पुरावा पुरविला.

अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने डिसेंबर २०१४ मध्ये सी.आय.ए.च्या कोठड्यांविषयीच्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. त्यानुसार ११९ व्यक्तींना डांबण्यात आले होते आणि त्यांपैकी किमान २६ जणांना डांबण्यासाठी ठरविलेले निकषही पूर्ण होत नव्हते. खालिद शेख मोहम्मद याच्यावर पाण्याने गुदमरविण्याचा प्रयोग १८३ वेळा केल्याची नोंद आहे. जो उपाय परिणामकारक आहे तो १८३ वेळा का करावा लागतो, हा साधा प्रश्न आहे. छळामुळे जीव वाचले असे सांगण्यासाठी वापरलेली वीस प्रमुख उदाहरणे समितीने तपासली आणि ती टिकणारी नाहीत, असा निष्कर्ष काढला. सी.आय.ए.ने अहवालातील काही निष्कर्ष नाकारले, हेही नमूद केले पाहिजे. तथापि ज्या निश्चिततेवर ‘अनथिंकेबल’ची उभारणी झाली आहे, ती निश्चितता त्या कोठड्यांत नव्हती एवढे या नोंदींवरून स्पष्ट होते.

संमती कोणाची?

छळाने सत्य मिळते काय, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा नव्हे. उद्या कोणी छळाची अचूक पद्धत शोधून काढली तर काय, असे विचारता येईलच. म्हणून चित्रपटातील ज्या क्षणाकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, त्या क्षणाकडे वळू. एच ब्रॉडीला सांगतो, मुलांना तू आत आण. शिपाई हाताशी असताना हे काम तिच्याकडूनच का हवे? कारण ती तेथील एकमेव सज्जन व्यक्ती आहे. तिने मुलांना आत आणले तर त्या कृत्याला नैतिक मान्यता मिळेल. क्रूर कर्म करणाऱ्याचा हात पुरेसा नसतो, त्याला सज्जनाची संमती लागते. त्या इमारतीतील वरिष्ठ अधिकारी वारंवार मान फिरवतात, काचेपलीकडे उभे राहतात आणि आम्ही काही पाहिले नाही असे दाखवतात. त्यांच्या मौनाशिवाय एचला एक बोटही तोडता आले नसते.

या ठिकाणी ‘अशोकावदाना’तील चंडगिरिकाच्या आख्यायिकेचे स्मरण होते. धम्माकडे वळण्यापूर्वी अशोकाने एक यातनागृह बांधविले होते, असे ती आख्यायिका सांगते. बाहेरून ते इतके रमणीय होते की वाटसरू आपण होऊन आत जात. गिरिक नावाच्या निर्दय माणसाला त्याचा अधिकारी नेमले गेले आणि आत येणारा कोणीही जिवंत बाहेर जाणार नाही, असे वचन त्याने राजाकडून घेतले. एकदा समुद्र नावाचा भिक्खू तेथे सापडला. उकळत्या कढईतही त्याला इजा झाली नाही. हे आश्चर्य पाहण्यासाठी राजा स्वतः आत गेला आणि परतू लागला तेव्हा गिरिकाने त्याला दारात अडविले. आपण दिलेल्या वचनाप्रमाणे आपल्यालाही बाहेर जाता येणार नाही, असे तो म्हणाला. राजाने विचारले की आपल्यापैकी आत प्रथम कोण आले? गिरिकच प्रथम आला होता. त्याचा शेवट त्याच गृहात झाला आणि अशोकाने ते गृह पाडून टाकले.

ही आख्यायिका इतिहास नव्हे. परंतु तिच्यातील नैतिक दृष्टी अचूक आहे. यातनागृहाची परवानगी देणारा राजा स्वतःला त्या गृहाबाहेर समजत असतो आणि दार बंद होऊ लागते तेव्हा आपणही आतच आहोत हे त्याला कळते. एच हा आधुनिक गिरिक आहे. त्याला नेमणारे सरकार, त्याच्यापुढे मान फिरवणारे अधिकारी आणि ‘दुसरा उपाय काय होता?’ असे म्हणत आसनावर बसलेला प्रेक्षक हे सारे त्या दारातून आत गेलेले आहेत. ब्रॉडीही आत गेली होती. मॉलमधील स्फोटानंतर संतापाच्या भरात तिनेही यंगरच्या छातीवर शस्त्र चालविले होते. तिचे मोठेपण ती निष्कलंक राहिली यात नाही, आत गेल्यानंतरही ती परत फिरली यात आहे.

तत्त्व आणि नियम

आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात तथागतांच्या अहिंसेचा अर्थ विशद करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. अहिंसा हा आंधळा नियम नसून जीवनाचे तत्त्व आहे, मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता या भिन्न गोष्टी आहेत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. मग लाखोंच्या रक्षणासाठी केलेला छळ ‘आवश्यकता’ या सदरात येत नाही काय?

माझ्या मते येत नाही. अंगावर धावून येणाऱ्या सशस्त्र आक्रमकाला रोखताना त्याचा प्राण गेला तर तेथे हेतू रोखण्याचा असतो. तो थांबला की आपलाही हात थांबतो. खुर्चीला जखडलेला माणूस आक्रमक राहिलेला नसतो. त्याला दिलेली वेदना त्याला रोखण्यासाठी नसते, त्याचा उपयोग करून घेण्यासाठी असते. तेथे दुसऱ्याचे दुःख हेच साधन असते आणि ते वाढविणे हेच कौशल्य असते. दुःख निर्माण करण्याची चेतना बाजूला ठेवून छळ करताच येत नाही. इच्छा आणि आवश्यकता यांतील जो भेद आक्रमकाच्या बाबतीत टिकतो, तो येथे मुळातच संपतो. जेहान आणि ती दोन मुले यांच्या बाबतीत तर आक्रमणाचा लवलेशही नाही.

शिवाय तत्त्व हे नियमापेक्षा सैल असते, असा समज करून घेणे ही बाबासाहेबांच्या विवेचनाची विटंबना होईल. नियम विचार न करताही पाळता येतो. तत्त्व पाळणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी प्रज्ञेने निर्णय घ्यावा लागतो आणि त्याची जबाबदारी स्वतः स्वीकारावी लागते. एच ही जबाबदारी घड्याळावर टाकतो. त्याच्या मते वेळ नसणे हेच सर्वांत मोठे समर्थन आहे. याच्या नेमके उलट मत धौली येथील शिलालेखात आढळते. कलिंगयुद्धानंतर त्या प्रदेशात कोरविलेल्या स्वतंत्र लेखात सम्राट अशोकाने तोसलीच्या महामात्रांना उद्देशून आज्ञा दिली आहे. एखाद्याला अकारण बंधन वा क्लेश भोगावे लागू नयेत, असे तो बजावतो आणि न्यायाच्या आड येणारे दोषही सांगतो. मत्सर, क्रोध, निष्ठुरता, आळस आणि थकवा यांच्याबरोबर त्या यादीत उतावळेपणाही आहे. ज्याला सम्राटाने न्यायाधिकाऱ्याचा दोष म्हटले, त्यालाच हा चित्रपट सद्गुणाचे स्थान देतो.

उणिवा आणि किंमत

चित्रपटाच्या काही मर्यादा येथेच सांगितल्या पाहिजेत. यंगरच्या मागण्या एकदा उच्चारल्या जातात आणि विसरल्या जातात. त्याच्या हिंसेचे समर्थन होऊच शकत नाही, पण तिची कारणे समजून घेण्याची इच्छाही कोणी दाखवत नाही. दुःख आहे हे मान्य करून त्याचे कारण न शोधणे म्हणजे दुसऱ्या आर्यसत्यापाशी येऊन पाठ फिरविणे होय. जेहानला तर स्वतःचे असे व्यक्तिमत्त्वच दिलेले नाही. मरण्यापुरती ती पडद्यावर येते. अभिनय मात्र तिघांचाही उत्तम आहे, विशेषतः मायकेल शीनने भय, अहंकार आणि थकवा एकाच चेहऱ्यावर ज्या रीतीने दाखविला आहे त्याला तोड नाही.

वाढीव आवृत्तीच्या शेवटाविषयी मात्र माझे मत इतर टीकाकारांहून थोडे वेगळे आहे. तो शेवट प्रेक्षकाला छळाच्या बाजूला ढकलतो, हा आरोप खरा आहे. चौथ्या बॉम्बचे ज्ञान खोलीतील कोणालाही नव्हते. ते दिग्दर्शकाने केवळ आपल्याला दिले आणि त्या बळावर ब्रॉडीला दोषी ठरविण्यास आपल्याला प्रवृत्त केले. अंदाजावर आधारलेल्या हिशेबासाठी दोन लेकरांना सुरीखाली द्यावे काय, हा तिच्यापुढील प्रश्न होता. तरीही या शेवटात एक सत्य आहे. नकाराला किंमत असते आणि ती कधी भयंकर असू शकते. छळाला विरोध करणाऱ्यांनी ‘छळाने कधीच काही मिळत नाही’ एवढ्याच आधारावर उभे राहू नये. कधी काही मिळाले तरीही ते नाकारण्याचे बळ आपल्यात हवे. किंमत शून्य आहे असे मानून केलेला नकार हा नकारच नव्हे.

हा विषय आपल्यालाही दूरचा नाही. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडविलेल्या संविधानाच्या अनुच्छेद २० (३) नुसार कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटक व कोठडी यांविषयी बंधनकारक निर्देश दिले. यातनाविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, पण त्याचे अनुसमर्थन अद्याप केलेले नाही. ज्या वर्षी ‘अनथिंकेबल’ आला त्याच वर्षी, मे २०१० मध्ये, यातना प्रतिबंधक विधेयक लोकसभेत संमत झाले. पुढे ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि अखेर २०१४ मध्ये व्यपगत झाले. आपल्याकडील कोठडीत बहुधा अणुबॉम्ब पेरणारा माणूस नसतो. किरकोळ चोरीच्या संशयावरून आणलेला, जामीन द्यायला कोणी नसलेला गरीब माणूस तेथे असतो. अपवादात्मक प्रसंगासाठी म्हणून मागितलेली संमती शेवटी त्याच्या पाठीवर उतरते. ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्यांच्या ‘आवश्यकते’ची किंमत आपल्या शरीराने मोजली, त्याने ही गोष्ट इतरांहून लवकर ओळखली पाहिजे.

म्हणून ‘अनथिंकेबल’ अवश्य पाहावा, परंतु ‘मी एचच्या जागी असतो तर काय केले असते?’ हा प्रश्न घेऊन पाहू नये. तो प्रश्न आपल्याला फसवितो, कारण एचची जागा आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येते. ब्रॉडीची जागा मात्र रोज येते. आपल्या नावाने, आपल्या सुरक्षिततेसाठी कोणीतरी आपली संमती मागत असते आणि बहुतेक वेळा ती आपल्या मौनातून घेतली जाते. ते मौन सोडणे एवढे तरी आपल्या हाती निश्चितच आहे.